तांबड्या रुमालातून पांढऱ्या रुमालात

आमच्या शेजारी एक तरुण वकील राहतात. गेल्या महिन्यात ते ओट्यावर येऊन टेकले आणि मला म्हणाले, "नाना, सरकारी कागद 'खुला' झाला म्हणजे सरकारने तो जाहीर केला, असंच ना?" मी म्हटलं, "वकीलसाहेब, एवढाच कायदा शिकलात का?" ते हसून निघून गेले, पण मला काही चैन पडेना. ज्या शब्दाच्या राखणीत माझी अर्धी नोकरी गेली, त्याचा अर्थ शेजारच्या वकिलाला ठाऊक नसावा म्हणजे काय? त्यातच या मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, की दिवाळीच्या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा. म्हटलं, ठीक आहे, हा शब्दच एकदा लिहून टाकू.

मी ठाण्यातल्या एका सरकारी कचेरीत दफ्तर कारकून होतो. नौपाड्यात तेव्हा भाताची शेतं होती, आणि बांधावरून चालत मी कचेरीत जायचो. माझं काम सोपं होतं. कागद यायचा, त्याला नंबर द्यायचा, रुमालात बांधायचा, आणि कोणी मागितला की काढून द्यायचा. रुमाल म्हटल्यावर नाक पुसायचा डोळ्यांपुढे आणू नका. आमचा रुमाल म्हणजे दोन हात लांबी-रुंदीचं जाड कापड. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून चारी टोकांची गाठ मारायची. साध्या कागदांचे रुमाल पांढऱ्या मांजरपाटाचे, फळ्यांवर रांगेने लावलेले. गुप्त कागदांचे तांबड्या खारव्याचे. ते एका सागवानी पेटीत, आणि पेटीला दोन कुलुपं. एक किल्ली आमचे वरिष्ठ चिटणीस अप्पासाहेब यांच्या कंबरेला, दुसरी माझ्या जानव्याला.

आता थोडी बढाई मारतो, म्हाताऱ्याला तेवढी मुभा असावी. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तोंडून तांबड्या रुमालातला एक शब्द बाहेर गेला नाही. बायकोला सांगितला नाही, भावाला सांगितला नाही. कचेरीतले सोबती दुपारच्या सुट्टीत पत्ते खेळायला बसवून खोदून खोदून विचारायचे, तरी नाही. पत्त्यांत मात्र मी रोज हरायचो. का हरतो ते तेव्हा कळायचं नाही.

कागद गुप्त कसा होतो ते सांगतो. साहेबाने त्याच्या डोक्यावर 'गुप्त' लिहून सही ठोकली की झाला. कारण द्यावं लागत नसे. तो गुप्त राहू नये असं वाटलं, तर मात्र दहा कारणं लागत. त्यामुळे पेटी भरत जायची, रिकामी कधी व्हायची नाही. काय काय असेल आत, असं तुम्हाला वाटेल. एका कागदावर 'अति गुप्त' असं दोनदा लिहिलेलं होतं. आत एका साहेबाच्या मडमेने लिहिलेली आचाऱ्याची तक्रार निघाली. बहुधा टपालातून चुकून आली असावी. पण एकदा गुप्त ते गुप्त. आम्ही तिला नंबर दिला, दरवर्षी दसऱ्यानंतर इतर कागदांबरोबर ऊन दाखवलं, आणि कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा बांधली.

या खात्याचा एक पक्का नियम होता. बाहेरच्या माणसाने गुप्त कागदाबद्दल विचारलं, तर 'तो कागद गुप्त आहे' असं कधीही म्हणायचं नाही. कारण तसं म्हटलं की कागद आहे हे तुम्ही कबूल केलंत. म्हणायचं एवढंच, "असा अर्ज चालत नाही." कागद असो वा नसो, उत्तर तेच. अप्पासाहेबांनी पहिल्याच दिवशी हे मला बजावलं होतं. आणि मी पहिल्याच महिन्यात माती खाल्ली.

झालं असं. कळव्याहून जोमा नावाचा एक आगरी आला. वय पंचविशीचं, मिठागरावर राबून पाय चिरलेले. त्याने अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि हात जोडून म्हणाला, "सायेब, एवढं एकच बगा. आमच्या गावचं मीठ पकडलं, ते माज्या बापसानं दाखवलं, असं सरकारात लिवलेलं हाय काय?"

हकीकत त्यानेच सांगितली. तीन वर्षांपूर्वी कळव्याच्या काही मंडळींनी सरकारची नजर चुकवून मीठ साठवलं होतं, पेंढ्याच्या गंजीत लपवून. एके सकाळी ते पकडलं गेलं. चौघांना तीन-तीन महिने तुरुंगात काढावे लागले. जोमाचा बाप चांगो त्या दिवशी भिवंडीला बहिणीकडे गेलेला. गावाने ताळा जुळवला, की खबर दिली म्हणूनच हा आधी निसटला. आणि चांगोचं घर वाळीत टाकलं. लग्नाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही, चिलीम-तंबाखू नाही. म्हातारा देवळाच्या पायरीवर बसला की बाकीचे उठून जायचे.

मला त्याची दया आली. नवी नवी नोकरी, मदत करायची हौस. मी आत गेलो, गुप्त कागदांची यादी पाहिली. 'मौजे कळवे, मीठ सापडल्याबाबत' अशी ओळ होती. कागद उघडला नाही, तेवढी शिस्त होती. बाहेर येऊन मोठ्या प्रामाणिकपणे सांगितलं, "जोमा, कागद आहे. पण तो गुप्त आहे."

जोमा गावात गेला आणि जे ऐकलं ते सांगितलं. गावाने काय म्हणावं? बाप निर्दोष असता तर सरकारने 'नाही' म्हणायला काय हरकत होती? गुप्त आहे म्हणजे त्याचंच नाव आहे. तोवर निदान चार जण 'असेल-नसेल' म्हणत होते, तेही गप्प झाले. हे मला पुढच्या वर्षी कळलं, जोमा पुन्हा अर्ज घेऊन आला तेव्हा. त्याच आठवड्यात कागदांना दसऱ्यानंतरचं ऊन दाखवताना तो कागद माझ्या हाती आला. वाचायचा नसतो. पण वाचला.

काय होतं त्यात? एका गोऱ्या अंमलदाराने आपल्या वरिष्ठाला लिहिलेलं पत्र. मी ते इथे लिहू शकतो, का ते पुढे कळेल. अंमलदार लिहितो, की त्या दिवशी मी कामावर असायला हवा होतो, पण बदकं मारायला खाडीवर गेलो. एका बदकाला छर्रा लागला, ते फडफडत पेंढ्याच्या गंजीत शिरलं. मागोमाग माझा कुत्रा घुसला. त्याने पेंढा उपसला तेव्हा आतून मिठाच्या गोणी निघाल्या. कोणीही खबर दिलेली नाही. पण हे बाहेर कळलं तर मी काम सोडून शिकारीला गेलो हेही कळेल, म्हणून कागद गुप्त ठेवण्याची मेहेरबानी व्हावी. वरिष्ठाने मेहेरबानी केली होती.

कचेरीच्या अंगणात उन्हात उभा राहून मी ते दोनदा वाचलं. एका माणसाचा बाप वाळीत पडलाय, आणि खबर दिली कुणी, तर कुत्र्याने. मला हसू यायला लागलं आणि दुसऱ्या क्षणी स्वतःची चीड आली. नियमाप्रमाणे 'असा अर्ज चालत नाही' म्हटलं असतं, तर त्या घराला निदान संशयाचा फायदा मिळाला असता. तोही मी काढून घेतला.

अप्पासाहेबांकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. अप्पासाहेब म्हणजे उपरण्याची घडीसुद्धा न मोडणारा माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता त्याला खरं सांगावंसं वाटेल तुम्हाला."

"वाटतंय."

"सांगितलंत तर तुमची नोकरी जाईल. आणि गाव काय म्हणेल? कारकुनाला चांगोने फितवलं. तुमच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवणार? कागदच दाखवावा लागेल, आणि तो दाखवायला साहेबाची सही लागेल. तोवर गप्प बसा."

बारा वर्षं गप्प बसलो. एक तप. दरवर्षी दिवाळीआधी जोमा अर्ज घेऊन यायचा आणि मी म्हणायचो, "असा अर्ज चालत नाही." मग न राहवून म्हणायचो, "बस जरा. पाणी पी. वडील कसे आहेत?" तो म्हणायचा, "हायेत." थोडा वेळ बसायचा आणि जायचा.

असे अर्ज करणारे सगळेच काही दुःखी नसत. कल्याणचे एक सुखवस्तू गृहस्थ होते. सरकारचं आपल्यावर बारीक लक्ष आहे, अशी त्यांची खात्री होती. पागोटं सावरत यायचे आणि कुजबुजायचे, "माझ्याबद्दल काय लिहिलंय तेवढं कानात सांगा." त्यांनाही मी तेच उत्तर द्यायचो. ते डोळा मिचकावून म्हणायचे, "समजलो." काय समजायचे देव जाणे.

मग वाळवी आली. एका पावसाळ्यानंतर पेटी उघडली तर खालचा थर मातीचा झालेला. अप्पासाहेबांनी नव्या साहेबांना वर्दी दिली. हे साहेब तरुण होते, मराठीची परीक्षा पास झालेले, आणि जिथे तिथे मराठी बोलून दाखवायची त्यांना आवड. त्यांनी पेटी आपल्या खोलीत आणवली आणि म्हणाले, "अप्पासाहेब, वाळवीने वाचले ते आपण का वाचू नये? जे जुने आहे आणि ज्याने कुणाला अपाय नाही, ते आपण मोकळे करू. पण त्यावर काय लिहायचे? 'गुप्त'च्या उलट काय?"

तोवर आमच्याकडे त्याला शब्दच नव्हता. क्वचित असा कागद निघालाच तर आम्ही कारकून आपसात 'तांबड्यातून पांढऱ्यात आला' म्हणायचो. पण शेरा म्हणून ते कसं लिहिणार? शाळेतल्या शास्त्र्यांना बोलावलं. त्यांनी पाच अक्षरी संस्कृत शब्द सुचवला. अप्पासाहेब म्हणाले, "तीनशे कागद आहेत, साहेबांचा हात दुखेल." साहेब म्हणाले, "मग 'जाहीर' लिहू." अप्पासाहेबांनी मान हलवली. "जाहीर म्हणजे दवंडी, साहेब. सरकारला दवंडी पिटायची नाही. 'खुला' लिहावं. दुकान खुलं असतं, पण दुकानदार रस्त्यात उभा राहून माल वाटत नाही. ज्याला हवं त्याने यावं आणि मागावं."

साहेबांना ते पसंत पडलं. वकीलसाहेबांना द्यायचं उत्तर हेच. खुला म्हणजे सांगितलेला नव्हे. खुला म्हणजे मागितला तर नाही म्हणता येणार नाही असा.

चार दिवस साहेब वाचत होते आणि मी एकेक कागद पुढे ठेवत होतो. कळव्याचा कागद मी मुद्दाम आचाऱ्याच्या तक्रारीच्या पाठोपाठ ठेवला. तिच्यावर साहेब मनमुराद हसले होते, म्हटलं हसरा हात सही लवकर करतो. त्यांनी बदक वाचलं, कुत्रा वाचला, हसले. मग खालचं नाव वाचलं आणि लेखणी खाली ठेवली. तो शिकारी अंमलदार आता मुंबईला मोठ्या हुद्द्यावर होता.

"यांना वाईट वाटेल," साहेब म्हणाले.

कारकुनाने बोलायची ही जागा नव्हे. मी अप्पासाहेबांकडे पाहिलं. ते उपरणं नीट करत म्हणाले, "साहेब, या कागदामुळे कळव्याचं एक घर पंधरा वर्षं वाळीत आहे. अंमलदारसाहेबांना वाईट वाटेल ते एक दिवस. नक्कल देताना त्यांचं नाव न लिहिता 'एक अंमलदार' लिहू. राहता राहिला कुत्रा. तो आता हयात नसावा."

साहेबांनी लेखणी उचलून 'खुला' लिहिलं आणि सही केली. मी कागद उचलला आणि त्याच पावली जाऊन पांढऱ्या रुमालात बांधला.

आता जोमा आला की काम झालं. आणि त्या वर्षी जोमा आलाच नाही.

दिवाळी झाली, कार्तिकी पौर्णिमा झाली. कल्याणचे गृहस्थ मात्र बातमी लागताच धावत आले. "खुले झाले ना? आता माझा द्या." मी म्हटलं, "आता सांगायला हरकत नाही. आपल्या नावाचा कागद कधी नव्हताच." ते खुर्चीवर बसले. "काहीच नाही? नीट बघा. अहो, वीस वर्षं मी घरात हळू आवाजात बोलतोय." त्यांची समजूत घालता घालता माझी दुपार गेली.

जोमाचं काय करायचं? कागद खुला होता, पण 'तुझा कागद खुला झालाय' असं घरी जाऊन सांगणं म्हणजे पुन्हा दवंडीच. न मागणाऱ्याला कागद द्यायचा नाही, हा नियम. एकदा नियम मोडून त्या घराचं वाटोळं केलं होतं, आता पुन्हा मोडायची हिंमत नव्हती. अखेर एका रविवारी होडीने खाडी ओलांडली आणि कळव्याला गेलो. जोमा अंगणात टोपली विणत होता. चाळिशीला टेकलेला, केस पिकायला लागलेले. मला बघून उभा राहिला.

"या वर्षी अर्ज नाही केलास?" मी विचारलं.

"बापूस आता उठत नाय," जोमा म्हणाला. "त्याला सोडून कचेरीत बसाय जमत नाय. आनि काय उपेग?"

"दरवर्षीसारखा कर. उद्याच कर." एवढंच बोललो आणि परत फिरलो. मागे वळून पाहिलं तर टोपली तशीच टाकून तो माझ्याकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी तो दारात हजर होता. अर्ज घेतला आणि म्हटलं, "नक्कल मिळेल." नक्कल मी स्वतः लिहिली, मराठीत, मोठ्या अक्षरात. अप्पासाहेबांनी शिक्का मारला. जोमा म्हणाला, "वाचाय तुमीच या, सायेब. मी वाचला तर गाव बोलंल, घरीच लिवला." मी अप्पासाहेबांकडे बघितलं. "खुला कागद आहे," ते म्हणाले. "रविवारी जा."

रविवारी देवळापुढे गाव जमला. म्हाताऱ्या चांगोला जोमाने पाठुंगळी आणून पायरीवर बसवलं. भोवती हातभर जागा मोकळी, कोणी जवळ बसेना. पुढे तुरुंगात जाऊन आलेल्या चौघांपैकी गोमाजी बसला होता, सगळ्यात कडवा तोच. मी नक्कल वाचली. बदकापर्यंत आलो तेव्हा कुजबुज थांबली.

"कुत्रा?" गोमाजीने विचारलं.

"कुत्रा."

"कोनी सांगितला नाय?"

मी ती ओळ पुन्हा वाचली. कोणीही खबर दिलेली नाही. मागून कोणीतरी बाई फिसकन हसली, मग तिची शेजारीण, आणि मग सगळा गाव हसायला लागला. गोमाजी तेवढा हसला नाही. तो उठला, चांगोच्या शेजारी जाऊन बसला आणि कमरेची चंची काढून त्याच्यापुढे केली. म्हाताऱ्याने घाई केली नाही. तंबाखू निवडला, चुना लावून मळला, गालात धरला. मग म्हणाला, "आता त्या कुत्र्याला वाळीत टाकाल काय?"

पुन्हा हसणं झालं. या वेळी गोमाजीही हसला आणि हसता हसता उपरण्याने डोळे पुसायला लागला.

जोमा मला होडीपर्यंत पोचवायला आला. ओहोटी होती, पाणी वर यायची वाट बघत आम्ही धक्क्यावर बसलो. बारा वर्षं मनात ठेवलेलं मी बोलून टाकलं. म्हटलं, "जोमा, पहिल्या वर्षी 'गुप्त आहे' म्हणालो ती माझी चूक. त्याने तुझ्या घराचं वाईट झालं. आणि पुढे मला सगळं ठाऊक असून तोंड उघडता आलं नाही. मला माफ कर."

"तुमी तोंड नाय उघडला ते खरा," जोमा म्हणाला. "पन मना ठावं व्हता."

"काय ठाऊक होतं?"

"कागुद हाय आनि तो चांगला हाय. बाकीच्यांना तुमी डोल्यात बगून 'चालत नाय' बोलायचात. मी आलो का खाली बगायचात. मंग बसाय सांगायचात, पानी द्यायचात, बापसाची चवकशी करायचात. कागदात वाईट असता, तर चुगलखोराच्या पोराला कोन पानी देतो? मी दर साली घरी येऊन बापसाला सांगायचो, कारकुनाचा तोंड बगून आलो, तुजा कागुद चांगला हाय. तेवढ्यावर तो वरीस काढायचा. मी कचेरीत अर्ज द्याय येत नव्हतो, सायेब. तुमचा तोंड बगाय येत व्हतो."

पाणी चढलं, होडी आली, मी बसलो. अर्ध्या खाडीत नावाड्याने विचारलं, "कळव्यात काय काम काढलंत, नाना?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने माझ्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "बरं झालं, चांगोचं निस्तरलं."